देशी कापसात अमेरिकनपेक्षा डीएनए जास्त येतोय, मोजमाप कुठं चुकतंय?

सरकी_२६ · ५ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार सगळ्यांना. मी एमएस्सी बॉटनी सेकंड इयरला आहे, कॉलेज जळगाव जिल्ह्यातलंच. प्रोजेक्ट असा आहे की कापसाच्या दोन प्रकारांच्या पेशीत डीएनए किती असतो ते मोजून तुलना करायची. एक अमेरिकन, म्हणजे गॉसिपियम हिरसुटम, जो आता सगळ्या वावरात दिसतो तो, आणि दुसरा देशी, गॉसिपियम आर्बोरियम. देशीची सरकी धरणगावकडे मामांच्या ओळखीतून मिळाली, त्यांनी बांधाला चार झाडं जपून ठेवलीत.

मी काय केलं ते सांगते. दोन्हीची कोवळी पानं १०० मिलिग्रॅम घेतली, आमच्याकडे लिक्विड नायट्रोजन नाही म्हणून गरम सीटीएबी बफर (पेशी फोडून डीएनए बाहेर काढायचं द्रावण) टाकून खलबत्त्यातच घोटली, मग क्लोरोफॉर्म, मग आयसोप्रोपॅनॉल, ७० टक्के इथेनॉलने धुतलं आणि शेवटी ५० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये विरघळवलं. नॅनोड्रॉपवर (थेंबात प्रकाश किती शोषला जातो त्यावरून डीएनए मोजायचं यंत्र) तीन वेळच्या रीडिंगची सरासरी देशीची ६२० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर आली आणि अमेरिकनची ४१०. शुद्धता दाखवणारा २६०/२८० रेशो देशीचा २.०५ आणि अमेरिकनचा १.६८, आणि २६०/२३० दोन्हीचा १.१ च्या आसपास.

आता गोंधळ असा की अमेरिकन कापूस टेट्राप्लॉइड (गुणसूत्रांचे चार संच), त्याची गुणसूत्रं ५२, देशी डिप्लॉइड (दोन संच), त्याची २६. म्हणजे अमेरिकनमध्ये दुप्पट यायला पाहिजे होतं ना? माझं उलटंच येतंय, आणि तीन वेळा केलं तिन्ही वेळा उलटंच. गाईड सर म्हणाले परत कर. पण मला वाटतंय की परत केलं तरी हेच येईल, चूक हाताची नाहीये, मुळातच काहीतरी चुकतंय. व्हायवाला महिना सव्वा महिना आहे. कुणी मार्ग दाखवला तर फार बरं होईल.

सूक्ष्मदर्शी · ५ मार्च, रात्री ११:२५

तुमचा अंदाज बरोबर आहे, हाताची चूक नाहीये. दहा वेळा केलं तरी उत्तर मिळणार नाही कारण तुम्ही जे मोजलंय तो पेशीतला डीएनए नाहीच, तो ट्यूबमधला डीएनए आहे.

कापसाचंच उदाहरण घ्या. तुम्हाला विचारलंय एका बोंडात कापूस किती, आणि तुम्ही जिनिंगच्या काट्यावर दोन गाड्यांचं वजन करून आलात. एक गाडी ३१ क्विंटल भरली, दुसरी साडेवीस. पण कुठल्या गाडीत किती बोंडांचा कापूस आहे हे मोजलेलंच नाही, वेचताना वावरात किती राहून गेला तेही माहिती नाही, वर गाडीत कवडी किती, माती किती, ओलावा किती, काटा ते वेगळं सांगत नाही. मग वजनावरून बोंड मोठं की छोटं कसं ठरवणार?

आता तुमचेच आकडे घेऊ. ६२० गुणिले ५० म्हणजे ३१ मायक्रोग्रॅम, म्हणजे ३ कोटी १० लाख पिकोग्रॅम. देशी कापसाच्या एका केंद्रकात, म्हणजे न्यूक्लियसमध्ये, पेशी विभाजनाच्या तयारीत नसताना साधारण साडेतीन पिकोग्रॅम डीएनए असतो. भागाकार केला की जवळजवळ ८९ लाख केंद्रकं होतात. अमेरिकनचे साडेवीस मायक्रोग्रॅम, एका केंद्रकात ४.९ धरा, तर साधारण ४२ लाख. म्हणजे तुमचं रीडिंग एवढंच सांगतंय की देशीच्या ट्यूबमध्ये जास्त केंद्रकांचा माल उतरला असावा. पान किती कोवळं होतं, पेशी लहान की मोठ्या, घोटताना किती फुटल्या, चिकट पदार्थांबरोबर किती वाहून गेला, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. कोवळ्या पानात पेशी बारीक असतात त्यामुळे तेवढ्याच १०० मिलिग्रॅममध्ये केंद्रकं कितीतरी जास्त बसतात.

आणि हा हिशोबसुद्धा सगळा डीएनएच आहे असं धरून केलाय, तो तसा नाही. तुम्ही आरएनएज (आरएनए तोडणारं एन्झाइम) टाकल्याचं लिहिलेलं नाही. नॅनोड्रॉप २६० नॅनोमीटरला जे शोषलं जातं ते सगळं मोजतं, त्यात आरएनए पण आला. शुद्ध डीएनएचा २६०/२८० रेशो १.८ च्या आसपास असतो, आरएनएचा २ च्या आसपास. तुमच्या देशीचा २.०५ आहे म्हणजे त्या ६२० मधला बराच भाग आरएनए असणार. अमेरिकनचा १.६८ म्हणजे तिथं प्रथिनं किंवा फिनॉल राहिलंय. आणि २६०/२३० एवढा खाली म्हणजे दोन्हीत पॉलिसॅकराइड (चिकट साखरेच्या साखळ्या) आणि फिनॉल आहेत, कापसात ते भरपूर असतात, कापसावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास होतो.

पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या नकला काढणं) करायचा असता तर हेच एक्स्ट्रॅक्शन साफ करून चाललं असतं. पण एका पेशीत किती हे मोजायचं असेल तर केंद्रक अख्खं ठेवावं लागतं. फोडलं की हिशोब गेला.

सरकी_२६ · ६ मार्च, सकाळी ७:१०

सर किंवा मॅडम, खूप खूप आभार. गाडीच्या काट्यावरून एकदम समजलं. आरएनएज खरंच टाकलं नव्हतं, आमच्या लॅबमधलं संपलंय.

पण मग दोन प्रश्न. केंद्रक अख्खं ठेवून मोजायचं कसं? आणि तुम्ही देशीचे साडेतीन आणि अमेरिकनचे ४.९ सांगितले, ते दुप्पट कुठं झाले? साडेतीनचे दुप्पट सात व्हायला पाहिजेत.

केळीचं_टिश्यू · ६ मार्च, दुपारी १:३०

मी सांगतो, मी दोन वर्षं पुण्यात एका लॅबला फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे केंद्रकं एकेक करून मोजणाऱ्या मशीनवर काम केलंय, आता रावेरकडे टिश्यू कल्चरमध्ये आहे.

पहिले दुप्पटचं. गुणसूत्रं दुप्पट म्हणजे डीएनए दुप्पट हे एकाच जातीची रोपं कोल्चिसिन लावून डबल केली तर ठीक आहे, पण अमेरिकन कापूस तसा झालेला नाहीये. तो दोन वेगळ्या कापसांच्या संकरातून झालाय, दहा-वीस लाख वर्षांपूर्वी. एक पूर्वज ए जीनोमचा (जीनोम म्हणजे डीएनएचा पूर्ण संच), आपल्या देशीच्या नात्यातला, आणि दुसरा डी जीनोमचा, अमेरिकेतल्या रानटी कापसाच्या नात्यातला. दोघांचीही गुणसूत्रं १३ जोड्या, पण डी वाल्याची गुणसूत्रं छोटी, त्याचा जीनोम ए च्या निम्म्याच्या आसपास. ए चा एक संच साधारण १७०० मेगाबेस (एक मेगाबेस म्हणजे डीएनएची दहा लाख अक्षरं, म्हणजे बेस), डी चा ८०० ते ९००, बेरीज करा, २५०० च्या आसपास येते, आणि हिरसुटमचा जीनोम साधारण तेवढाच भरतो. म्हणून देशीच्या मानाने अमेरिकन दुप्पट नाही, १.४ पट. तुमच्या प्रोजेक्टमध्ये हीच सगळ्यात भारी गोष्ट आहे, ही नीट मांडा.

आता मोजायचं कसं. १९८३ मध्ये डेव्हिड गॅलब्रेथ आणि सोबतच्यांनी सायन्समध्ये पेपर दिला, त्यात पान थंड बफरमध्ये नुसतं ब्लेडने बारीक चिरलं, पेशीभित्तिका कापली गेली की केंद्रकं आपोआप बाहेर येतात, बस. त्याआधी लोक एन्झाइम लावून प्रोटोप्लास्ट, म्हणजे भित्तिका नसलेल्या पेशी, काढत बसायचे, तासन्‌तास जायचे. आजपण जवळपास सगळे हेच करतात.

रीत अशी. अंगठ्याच्या नखाएवढं कोवळं पान पेट्रीडिशमध्ये घ्या, बर्फावर ठेवा, १ मिली बर्फासारखा थंड बफर टाका, आणि नव्या कोऱ्या ब्लेडने चिरा. ब्लेड प्रत्येक सॅम्पलला नवं, हे फार महत्त्वाचं आहे, भोथऱ्या ब्लेडने पान चिरत नाही, चेंगरतं, आणि मग कचरा एवढा होतो की ग्राफवर उंचवटाच दिसत नाही. कोथिंबीर कशी कापतो तसं कापायचं, चटणी करायची नाही. बफरमध्ये मॅग्नेशियम क्लोराइड ४५ मिलिमोलर, सोडियम सायट्रेट ३०, मॉप्स २०, ट्रायटन एक्स-१०० ०.१ टक्का, पीएच ७. हाच गॅलब्रेथ बफर. मग ४० मायक्रॉनच्या आसपासच्या नायलॉन जाळीतून गाळायचं, प्रोपिडियम आयोडाइड (डीएनएला चिकटून चमकणारा डाय) आणि आरएनएज दोन्ही ५०-५० मायक्रोग्रॅम प्रति मिली टाकायचं आणि मशीनवर लावायचं. प्रोपिडियम डबल स्ट्रँडेड आरएनएलाही चिकटतं म्हणून इथं आरएनएज सोडून चालत नाही. हातमोजे घाला, हा डाय डीएनएत घुसणारा आहे, अंगाला लागू देऊ नका.

मशीन करतं काय, केंद्रकं एकामागे एक लेझरसमोरून नेतं आणि प्रत्येकाची चमक मोजतं. जेवढा डीएनए तेवढा डाय, जेवढा डाय तेवढी चमक. पाच हजार केंद्रकं तरी मोजा. ग्राफवर एक मोठा डोंगर येतो, तो जी-वन मधल्या, डीएनएची नक्कल अजून न झालेल्या केंद्रकांचा, म्हणजे २सी (१सी म्हणजे प्रजनन पेशीत असतो तेवढा, निम्म्या गुणसूत्रांचा डीएनए), आणि बरोबर दुप्पट अंतरावर एक छोटा, तो नक्कल झालेल्या जी-टू चा, ४सी. डोंगर जेवढा सडपातळ तेवढं काम चांगलं, सीव्ही, म्हणजे डोंगर किती पसरलाय त्याचं माप, ५ टक्क्यांच्या आत पाहिजे, ३ च्या आत आला तर झकास.

पण हे लक्षात घ्या की मशीन पिकोग्रॅम सांगत नाही, ते फक्त चमक सांगतं, चॅनल नंबर. पिकोग्रॅम काढायला सोबत ओळखीचं झाड लागतं, ज्याचा डीएनए आधी माहिती आहे. त्याचं पान आणि तुमचं पान एकाच डिशमध्ये एकत्र चिरायचं. वेगवेगळं चिरून नंतर तुलना केली तर डाय थोडा इकडेतिकडे झाला, फिनॉलने थोडी चमक खाल्ली की आकडा घसरतो. एकत्र चिरलं की दोघांना सारखाच त्रास होतो. मग तुमच्या जी-वनचा चॅनल भागिले त्याच्या जी-वनचा चॅनल गुणिले त्याचे पिकोग्रॅम, संपलं.

ओळखीची झाडं म्हणून जगभर चेकमधल्या ओलोमौत्सच्या प्रयोगशाळेचे वाण वापरतात, यारोस्लाव डोलेझेल यांचा ग्रुप. टोमॅटो स्टुपिके १.९६ पिकोग्रॅम, सोयाबीन पोलांका २.५०, मका सीई-७७७ ५.४३, वाटाणा त्सिराद ९.०९. हे सगळे २सी. संशोधनासाठी बी मागवता येतं, आणि ज्या लॅबमध्ये मशीनवर झाडांचं काम चालतं तिथं बहुतेक वेळा कुंडीत लावलेलं असतंच.

एक धोका सांगतो, मी स्वतः त्यात अडकलोय. अमेरिकन कापसाला सोयाबीन लावू नका. सोयाबीनचा २सी २.५०, म्हणजे त्याचा जी-टू चा डोंगर ५ वर, आणि तुमचा अमेरिकन ४.९ ला. दोन्ही एकावर एक चढतात आणि कळत नाही कुणाचा कुठला. अमेरिकनला टोमॅटो लावा, त्याचे डोंगर १.९६ आणि ३.९२ वर येतात, मधे जागा राहते. देशीला वाटाणा लावा, देशी ३.५ आणि ७ वर, वाटाणा ९ वर, सगळे सुटे. वाटाणा अमेरिकनला पण चालला असता पण अमेरिकनचा जी-टू ९.८ ला वाटाण्याच्या अंगावर जातो.

गिरणाकाठची_मॅडम · ६ मार्च, रात्री ९:०५

वरच्या भाऊंनी फार नीट सांगितलंय. मी बावीस वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवली, आता रिटायर आहे, फ्लो सायटोमीटर आमच्या हाताशी कधी नव्हता. पोरी, मशीन नाही मिळालं तर रडत बसू नकोस, फॉयल्गेन आहे ना. रॉबर्ट फॉयल्गेन आणि रोसेनबेक यांनी १९२४ मध्ये दिलेली रीत, शंभर वर्षं झाली आणि अजून जगात वापरतात.

सीधी गोष्ट आहे. मुळाचं टोक आम्लात ठेवलं की डीएनएतले प्युरीन बेस सुटतात आणि साखरेवर अल्डिहाइड मोकळं होतं, शिफ रिएजंट त्याला चिकटून किरमिजी रंग देतं. जेवढा डीएनए तेवढा रंग. मग मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्याने फोटो काढून इमेज-जे नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक केंद्रकाची एकूण घनता काढायची, बाजूची रिकामी जागा वजा करून. आणि इथं पण ओळखीचं झाड त्याच बॅचमध्ये, त्याच बाटलीतल्या शिफमध्ये, त्याच वेळेला रंगवायचं.

आता खान्देशातल्या लोकांसाठी मुद्दाम लिहिते, कारण हे पुस्तकात येत नाही. पुस्तकात लिहितात ५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, रूम टेंपरेचरला तासभर. त्यांचं रूम टेंपरेचर म्हणजे २० ते २५ डिग्री. आपल्याकडे मार्चच्या शेवटी लॅबमध्येच पस्तीसच्या वर असतं आणि मे महिन्यात तर बोलायलाच नको, भुसावळ-जळगावचा पारा सगळ्यांना माहिती आहे. उष्णतेने ही क्रिया झपाट्याने होते, तासभर ठेवलं की बेस सुटून पुढं डीएनएच तुटून आम्लात निघून जायला लागतो आणि रंग फिका पडतो. मला पहिली दोन वर्षं समजतच नव्हतं की जूननंतर माझ्या पोरांची स्लाइड चांगली येते आणि एप्रिलमध्ये फिकी का येते. शेवटी मोठ्या परातीत पाणी आणि बर्फाचे तुकडे टाकून थर्मामीटर लावून २५ वर धरायला लागलो, आणि २०, ३०, ४०, ५०, ६०, ७० मिनिटं अशी टोकं काढून कुठं रंग सगळ्यात गडद येतो तो वेळ ठरवला. ते एकदा केलं की मग कधी अडलं नाही. तू पण आधी हेच कर, मग बाकीचं.

शिफची बाटली काळ्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये. रिएजंट पाण्यासारखं असायला पाहिजे, गुलाबी झालं तर सरळ टाकून दे, वाचवायचा मोह नको. रंगवल्यावर सल्फाइटच्या पाण्याने तीनदा धुणं विसरू नकोस, नाहीतर चिकटलेलं नसलेलं शिफ मागे राहतं आणि पेशीचा बाकीचा भाग पण गुलाबी दिसतो.

आपलं काम बरोबर होतंय का हे तपासायला स्लाइडवरच एक वजनमाप असतं. विभाजन करणाऱ्या पेशींत सुरुवातीच्या टप्प्याचं, प्रोफेजचं केंद्रक ४सी असतं आणि शेवटच्या टप्प्याचं, टेलोफेजचं प्रत्येक पिल्लू केंद्रक २सी. दोघांची घनता काढ, पहिलीला दुसरीने भाग, उत्तर २ च्या जवळ आलं तर पुढं जा. दीड आलं तर रंग किंवा फोटो चुकलाय, आकडे लिहूच नकोस.

आणि सी म्हणजे काय हे व्हायवाला विचारतील. १९५० मध्ये हेवसन स्विफ्टने हे नाव दिलं. त्याच्या दोन वर्षं आधी बॉइव्हिन आणि व्हेंड्रेली दांपत्याने बैलाच्या वेगवेगळ्या अवयवांतल्या केंद्रकांत डीएनए सारखाच असतो आणि शुक्राणूत निम्मा, हे दाखवलं होतं. डीएनए हेच अनुवंशाचं द्रव्य यावर तेव्हा सगळ्यांचं एकमत नव्हतं, आणि प्रत्येक पेशीत तो इतका नेमका सारखा असणं हा त्याच्या बाजूचा मोठा पुरावा ठरला. मला हे शिकवताना दर वर्षी अंगावर काटा यायचा.

कांद्याचं मूळ ओळखीचं झाड म्हणून घेऊ नकोस, सगळे घेतात कारण ते हाताशी असतं. कांद्याचा २सी ३४ च्या आसपास, तुझ्या देशीच्या जवळजवळ दहापट, एवढ्या फरकात रंग आणि कॅमेरा सरळ रेषेत चालत नाहीत. वाटाणा घे. हां, कांदा वर्गात दाखवायला मात्र जरूर ठेव. माणसाच्या एका संचात साधारण ३ अब्ज बेस आणि धुळ्याच्या बाजारातल्या त्या कांद्याच्या एका संचात १६ अब्ज, पाचपट. पोरांना हे सांगितलं की दोन मिनिटं कुणी बोलत नाही. कांद्यात जनुकं पाचपट नाहीत, पुन्हापुन्हा स्वतःच्या नकला टाकणारे तुकडे साठलेत, रेट्रोट्रान्सपोझॉन. देशी कापूस आणि डी जीनोमच्या कापसातला फरक पण बहुतेक त्याच तुकड्यांचा आहे, जनुकांचा नाही. २०२४ मध्ये न्यू कॅलेडोनियातल्या एका छोट्या नेच्यासारख्या झाडात १६० अब्ज बेस सापडले, आपल्या पन्नासपट. हातभर पण नसतं ते झाड.

वावर_आणि_केळी · ७ मार्च, सकाळी ६:२०

मी शेतकरी आहे भो, यावल तालुका, तुमचं बरंचसं डोक्यावरून गेलं पण केळीचं नाव वाचलं म्हणून विचारतो. आमच्या बागेत टिश्यू कल्चरची जी-नाईन, म्हणजे ग्रँड नैनची रोपं लावली, त्यातली बरीच झाडं बारकी राहिली, पानं पट्ट्यापट्ट्याची झाली, काही झाडांचा पोंगाच सडला. कुणी म्हणे रोपातच गडबड आहे. हे जे डीएनए मोजायचं मशीन आहे त्याच्यात रोप टाकून आधीच कळू शकतं का की रोप चांगलं का वाईट? तसं असेल तर आम्ही चार शेतकरी पैसे गोळा करी राहिले असते.

केळीचं_टिश्यू · ७ मार्च, सकाळी ११:००

दादा, पैसे यात घालू नका, खरं सांगतो. तुम्ही सांगताय त्यावरून हा हरण्या वाटतोय, म्हणजे सीएमव्ही, काकडीवरचा मोझॅक व्हायरस जो केळीत येतो. पट्टे, बारकी झाडं, पोंगा सडणं, सगळं जुळतं, पण खात्री टेस्टनेच होईल. व्हायरस झाडाच्या डीएनएचं वजन बदलत नाही, आणि त्या व्हायरसचा स्वतःचा जीनोम तर आरएनएचा असतो. त्याच्यासाठी एलायझा किंवा पीसीआरची टेस्ट लागते, ती मागा. रोपं घेतानाच व्हायरस टेस्टिंगचा कागद मागा. आणि बागेत आता काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची लावू नका, मावा तिथून घेऊन येतो. दिसली की झाडं मुळासकट काढून बाहेर पुरा, जळगावच्या केळी संशोधन केंद्राच्या लोकांना एकदा दाखवा.

फ्लोवर केळीत काय कळतं तर संच किती आहेत ते. आपली ग्रँड नैन ट्रिप्लॉइड आहे, ११ चे तीन संच, ३३ गुणसूत्रं, म्हणून तर तिच्यात बी होत नाही. रानातली बियांची केळी डिप्लॉइड, २२ वाली. त्या डिप्लॉइडचा डोंगर २ वर धरला तर ग्रँड नैनचा ३ वर आणि टेट्राप्लॉइडचा ४ वर येतो, एवढं साफ दिसतं. त्यासाठी डॅपी डाय पण पुरतो, कारण फक्त किती पट ते बघायचंय. मात्र नेमके पिकोग्रॅम काढायचे असतील तर डॅपी नको, तो ए-टी जोड्यांनाच चिकटतो आणि दोन जातींत ए-टी चं प्रमाण वेगळं असलं की आकडा वाकडा होतो. कल्चरमध्ये एखादं रोप चुकून ३३ चं ६६ झालं तर ते फ्लोवर पकडलं जातं. पण ज्याला आपण ऑफ टाइप म्हणतो, ठेंगणं, वेगळ्या पानाचं, वाकड्या घडाचं, त्यातले बहुतेक बदल इतके बारीक असतात की एकूण डीएनएत दिसतच नाहीत. त्यासाठी हार्डनिंगमध्ये, म्हणजे लॅबची रोपं बाहेरच्या हवेला सरावताना, डोळ्याने निवड करणं हाच आजही खरा उपाय आहे.

केळीवर काम करणाऱ्यांना एक, पोंग्याच्या आतली पांढुरकी गुंडाळी घ्या, उघडलेलं हिरवं पान नको, चीक आणि फिनॉल कमी निघतं.

वावर_आणि_केळी · ७ मार्च, दुपारी ४:४५

बरं झालं विचारलं. उद्याच पानं घेऊन जातो जळगावला. धन्यवाद भाऊ.

सूक्ष्मदर्शी · ७ मार्च, रात्री ८:३०

कापसाच्या फिनॉलचं राहून गेलं म्हणून लिहितो. कापसात गॉसिपॉल आणि टॅनिन असतात, पान चिरल्यावर पाच मिनिटांत द्रावण तपकिरी व्हायला लागलं तर समजायचं की केंद्रकांवर ते बसतंय आणि डायला जागा मिळत नाहीये. डोंगर डावीकडे सरकतो आणि तुम्हाला वाटतं डीएनए कमी आहे. बफरमध्ये पीव्हीपी-४० (फिनॉल धरून ठेवणारं रसायन) १ ते २ टक्के आणि थोडं बीटा-मरकॅप्टोइथेनॉल टाका, सगळं बर्फावर, आणि चिरल्यापासून लगेच मशीनवर. मोठ्या पानापेक्षा शेंड्याचं नुकतं उलगडणारं पान घ्या. तेही त्रास देत असेल तर सरकी भिजवून आलेल्या रोपाच्या मुळांची टोकं घ्या, त्यात सहसा त्रास कमी होतो.

पानं पुण्या-मुंबईला न्यायची असतील तर फ्रीझरमध्ये घालू नका, बर्फ झाला की केंद्रकं फुटतात. ओल्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून झिपच्या पिशवीत, पिशवी आइसबॉक्समध्ये पण बर्फाला चिकटू न देता, मध्ये वर्तमानपत्राची घडी. एक-दोन दिवस चांगली राहतात. कुंडीसकट नेता आलं तर सगळ्यात उत्तम. आणि कुठल्या मशीनवर करायचं ते आधी फोन करून विचारा, रक्त तपासणीच्या लॅबमध्ये पण फ्लो सायटोमीटर असतं पण झाडाचं गाळ असलेलं सॅम्पल घालायला ते तयार होतीलच असं नाही, नळी तुंबते म्हणून, आणि त्यांचंही बरोबर आहे.

सरकी_२६ · २९ मार्च, रात्री ११:१५

सगळ्यांना कळवते. महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला जाऊन आले, सोबत दोन कुंड्या, एक देशी एक अमेरिकन, मांडीवर घेऊन बसले पूर्ण रस्ता. जिथं गेले तिथल्या ताईंनी दोन दिवस मशीन दिलं, वाटाणा आणि टोमॅटो त्यांच्याकडे लावलेलेच होते.

पहिल्या दिवशी काही आलं नाही, नुसता कचरा, देशीचं द्रावण चिरताचिरताच तपकिरी. दुसऱ्या दिवशी पीव्हीपी २ टक्के केलं, शेंड्याचं पान घेतलं, प्रत्येक वेळी नवं ब्लेड. देशी वाटाण्याबरोबर, वाटाण्याचा चॅनल ५२०, देशीचा २०१, म्हणजे २०१ भागिले ५२० गुणिले ९.०९, आले ३.५१ पिकोग्रॅम. अमेरिकन टोमॅटोबरोबर, टोमॅटो ११०, अमेरिकन २७३, आले ४.८६. एका पिकोग्रॅमला ९७८ मेगाबेस धरून १सी चे देशीचे साधारण १७१६ मेगाबेस आणि अमेरिकनचे २३७७. सीव्ही अमेरिकनचा ३.२, देशीचा मात्र ४.८, तो खाली आणता आला नाही.

मग शेवटी ताई म्हणाल्या दोन्ही कापूस एकाच डिशमध्ये चिर, ओळखीचं झाड पण नको. तसं केलं तर स्क्रीनवर दोन डोंगर शेजारीशेजारी उभे राहिले, अंतर १.३९ पट. ते बघताना मला खूप भरून आलं, महिनाभर उलटे आकडे लिहीत होते आणि इथं दोन मिनिटांत डोळ्यासमोर.

मॅडम, तुम्ही सांगितलेलं फॉयल्गेन पण करतेय. परातीत बर्फ घालून २५ वर धरलं, माझ्या मुळांना ५० मिनिटांना रंग सगळ्यात गडद आला. प्रोफेज आणि टेलोफेजचा रेशो पहिल्या बॅचला १.७ आला म्हणून ती बॅच वहीत लिहिली पण आकडेमोडीत घेतली नाही. दुसरी बॅच १.९४. आता एकच विचारायचंय, प्रत्येक जातीची किती केंद्रकं मोजू म्हणजे परीक्षक बोट ठेवणार नाहीत?

गिरणाकाठची_मॅडम · ३० मार्च, सकाळी ६:५०

पोरी, शाब्बास. १.७ ची बॅच बाजूला ठेवलीस आणि वहीत ठेवलीस, दोन्ही बरोबर केलंस, फाडून टाकू नकोस, परीक्षकांना दाखव.

कमीत कमी तीन वेगवेगळ्या रोपांच्या मुळांच्या स्लाइड कर आणि प्रत्येक स्लाइडवर तीस-चाळीस केंद्रकं मोज, एकावर एक चढलेली आणि कापली गेलेली सोडून. एकाच स्लाइडवरची तीनशे मोजण्यापेक्षा तीन रोपांची शंभर मोजलेली जास्त कामाची. आणि देशीची सरकी मामांकडून आणखी मागवून ठेव, थोडी आमच्याकडे पण पाठव, मला अंगणात लावायचीये.

सरकी_२६ · ३० मार्च, सकाळी ७:३०

नक्की मॅडम. मामांना आजच फोन करते. पत्ता मला मेसेजमध्ये द्या, इथं नको.